कपितान उमागाचा गुडघा

चोराची गोष्ट लिहा, हात आपोआप चालतो. दारुड्याची लिहा, सासूची लिहा, चेटकिणीची लिहा, लोक बाकावरून उठत नाहीत. पण ज्याला सगळं जमतं, आणि वर जो मनाने चांगला आहे, त्याची गोष्ट लिहायला बसून दाखवा. दुसऱ्या पानावर तोंडाला फेस येतो की नाही ते मला येऊन सांगा. मी इथेच, तोंडो वस्तीत राहतो. कुणालाही विचारा, इगमे टकल्याचं घर कुठलं म्हणून. चुकीचा पत्ता सांगतील, कारण मीच तसं सांगून ठेवलंय. पण विचारा.

आमचा कपितान उमागा तसला होता. आमच्या भाषेत उमागा म्हणजे सकाळ, नावातच सकाळ. अंगावर पिवळा झगा, छातीवर उगवता सूर्य, आणि येत नाही असं काहीच नाही. जहाज उचलतो, ज्वालामुखीवर फुंकर मारतो, गोळी लागली तर गोळी मारणाऱ्यालाच विचारतो, "तुला लागलं नाही ना?" दर आठवड्याला कॉमिकमध्ये चार पानं. लिहिणारा मी, काढणारा माझा दोस्त पोल्दो.

पोल्दोला मुलगी झाली त्या महिन्यात त्याने हे पात्र काढलं. मला म्हणाला, "पारे, दोस्ता, तू आयुष्यभर भुतं आणि भानगडी लिहिल्यास. आता एक असा लिही की जो आला की सगळं ठीक होतं. माझी पोरगी मोठी होऊन वाचेल." मी हो म्हणालो. मुलीचा धर्मबाप मीच होणार होतो, नाही कसं म्हणणार? मुलीचं नाव लुनिंगनिंग ठेवलं, आणि सगळे तिला निंगनिंग म्हणायला लागले. तिचा मी निनोंग.

मी आणि पोल्दोने एकमेकांना छळण्यात आयुष्य घालवलं. मी त्याला लिहून पाठवायचो, "चित्र एक: मिरवणूक, पाच हजार माणसं, प्रत्येकाचा चेहरा वेगळा." तो बिचारा रात्रंदिवस काढायचा. मग मी कळवायचो, "चुकलं रे, इथे वीज गेलेली आहे, सगळा काळोख." त्याचा सूड साधा होता. कॉमिकमधला प्रत्येक पाकीटमार, प्रत्येक गटारात पडलेला माणूस टकला असायचा आणि त्याचं नाक माझं असायचं. शेजारच्या बाया मला रस्त्यात थांबवून म्हणायच्या, "इगमे, काल तुला परत मगरीने खाल्लं का रे?"

तर कपितान उमागा. पहिली काही वर्षं मजेत गेली. नंतर त्याला उचलायला काही शिल्लक राहिलं नाही.

आमच्याकडे कॉमिक विकत कमी घेतात. नाक्यावरच्या आलिंग ओरांगच्या दुकानात दोरीवर चिमटे लावून कॉमिकं टांगलेली असतात. थोडे सेंटावो द्यायचे, समोरच्या बाकावर बसून वाचायचं, परत टांगायचं. मी रोज तिथे सिगारेट ओढायच्या निमित्ताने उभा राहायचो. दुसऱ्या कुणाच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. बाक खोटं बोलत नाही.

कोळीण दिदांग कपितान उमागा हातात घ्यायची आणि थेट शेवटचं पान उघडायची.

"जिंकला का गं?" शेजारची विचारायची.

"जिंकला."

"मग?"

"मग काय, जिंकला. आलिंग ओरांग, ते चेटकिणीचं द्या ना, नवरा पळवते ती."

माझ्या कपितानाने बुडणारं बेट खांद्यावर उचललं होतं त्या आठवड्यात. अख्खं बेट! तिने पान उलटायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

मग संपादकबाईंनी बोलावलं. मादाम पासिता. टेबलावर पंखा, पंख्यासमोर त्या, त्यांच्यासमोर घाम पुसणारे आम्ही लेखक. मी त्यांच्या खणात रबरी पाल ठेवून आलो होतो, पण त्या दिवशी त्यांनी खण उघडलाच नाही.

"इगमिदियो," त्या म्हणाल्या. पूर्ण नाव घेतलं की समजायचं, काशी झाली. "तुझ्या हिरोचं काही बिघडत कसं नाही?"

"त्याचं काय बिघडणार, मादाम? त्याला सगळं येतं."

"मग त्याची शक्ती काढून घे. दगड पाड डोक्यात, शाप दे, बायको पळवून ने. काहीही कर. लोकांना काळजी वाटायला पाहिजे. काळजी वाटली नाही तर कशाला वाचतील?"

"बरोबर आहे, मादाम."

मला खरंच बरोबर वाटलं होतं. घरी जाऊन दगड पाडायचाच, असं ठरवून मी निघालो, आणि वाटेत इस्पितळात शिरलो.

निंगनिंग तेव्हा नऊ वर्षांची. आदल्या वर्षी घसा सुजून ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना हृदयाची झडप नासवून गेला. सरकारी इस्पितळात मुलांच्या खोलीत एका खाटेवर दोन-दोन पोरं. डॉक्टर म्हणायचे, झडप बदलता येईल, पण आधी अंगात थोडी ताकद येऊ दे. तिची आई सेली पेज भरवायची, ती ओकायची, सेली परत भरवायची. पोल्दो खिडकीच्या कठड्यावर फळी टेकवून तिथेच आमची पानं काढायचा. दौत एका औषधाच्या बाटलीशेजारी असायची. एकदा नर्सबाईंनी चुकून दौत हलवली आणि चमच्यात ओतणार होत्या. निंगनिंग इतकी हसली की तिला ऑक्सिजन लावावा लागला.

मी आत गेलो की ती माझा हात ओढून कपाळाला लावायची, मोठ्यांना करतात तसं. घरी असताना मी तळव्यात बर्फाचा खडा लपवून ठेवायचो. ती किंचाळायची आणि पुढच्या वेळी परत फसायची. मुद्दाम फसायची, हे मला फार उशिरा कळलं.

नाताळात तर आमचं युद्ध असायचं. इथे नाताळात सगळी धर्मलेकरं निनोंगच्या दारात भेट मागायला येतात, आणि शहरातले सगळे निनोंग गायब होतात. मी पलंगाखाली जायचो. बायको दारात सांगायची, "तो प्रांतात गेलाय गं." बाकीची पोरं फसून जायची. निंगनिंग आत यायची, गुडघ्यावर बसायची, चादर वर करायची आणि म्हणायची, "निनोंग, तुमचे पाय बाहेर आहेत."

त्या दिवशी मी तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "ऐक, एक गुपित. कपितानाच्या डोक्यात दगड पाडणार आहे मी. त्याची शक्ती जाणार."

तिचं तोंड एवढंसं झालं. "नको."

"का गं?"

"मग तो इथे कसा येईल?"

पोल्दोचा कुंचला थांबला. त्याने मान वळवली नाही.

"येणार आहे का तो?" मी विचारलं.

"येणारच ना. बाबा म्हणाले, तो आला की सगळं ठीक होतं. तुम्हीच लिहिलंय तसं." मग जरा विचार करून म्हणाली, "पण इतके दिवस झाले. का आला नाही?"

बोंबला. मी आयुष्यभर थापा मारून पोट भरलं, पण असा नेम धरून प्रश्न कुणी टाकला नव्हता. आणि मला पटकन सुचलं ते मी बोलून गेलो.

"अगं, त्याचा झगा परटिणीकडे होता. तिने एवढी खळ घातली, एवढी खळ घातली, की तो आता फळीसारखा उभा राहिलाय. घालून वळताच येत नाही. परवा वळायला गेला तर सरळ समुद्रावर गेला."

ती हसली. शेजारच्या खाटेवरची बबेट हसली. पोल्दोचे खांदे हलले.

मी घरी गेलो आणि दगड न पाडता तेच लिहिलं. कपितान उमागा, सगळं येणारा, खळीच्या झग्यात अडकलेला. पोल्दोने परटीण माझ्या तोंडाची काढली, टक्कल आणि स्कर्ट.

पुढच्या आठवड्यात बाकावर दिदांग शेवटच्या पानाकडे गेली, परत मागे आली, पहिल्यापासून वाचायला लागली. वाचता वाचता तिने शेजारणीच्या मांडीवर थाप मारली. माझ्या कपितानासाठी बाकावर थाप पडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

झालं. मग रोजचं ठरूनच गेलं. मी खाटेशी गेलो की निंगनिंग विचारायची, "आज का नाही आला?" आणि मी सांगायचो. उडायचा परवाना काढायला महापालिकेत गेलाय, तिथे म्हणतात फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत आणि तो मुखवटा काढायला तयार नाही. आईने तांदळाच्या रांगेत नंबर धरायला उभं केलंय, आई आली की सुटेल. निघाला होता, पण खाली ओळखीचा जीपनीवाला दिसला, तो म्हणाला बस ना, सोडतो, नाही कसं म्हणणार? आता जीपनी भरायची वाट बघत बसलाय.

"पण तो उडतो ना?" ती म्हणायची.

"उडतो, पण माणूस भिडस्त आहे."

ती हसत हसत मान हलवायची. "निनोंग, ही थाप आहे."

"थापच आहे. पण हसलीस की नाही?"

जे तिला सांगितलं ते आठवड्याच्या पानात जायचं. मादाम पासितांनी दगडाचा विषय काढला नाही. पोल्दो गर्दीच्या चित्रांत खोलीतली पोरं काढायला लागला. रांगेत बबेट, जीपनीच्या टपावर निंगनिंग. पोरं कॉमिक आलं की आपापला चेहरा शोधायची. मला वाटलं, जमलं. सगळं जमणाऱ्याची गोष्ट मला जमली. तो काय करतो ते लिहायचंच नाही, तो का आला नाही तेवढंच लिहायचं.

मग एक दिवस गेलो तर बबेटच्या जागी दुसरी मुलगी होती.

मी सेलीकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली. निंगनिंगने माझा हात धरला, कपाळाकडे न्यायला लागली, आणि अर्ध्यात दमली. हात खाली पडला. मग मीच वाकलो आणि हात तिच्या कपाळाला लावला. त्या हातात बर्फ नव्हता.

"आज का नाही आला?" मी स्वतःच सुरू केलं, नेहमीच्या चढ्या आवाजात. "अगं, काय सांगू, त्याच्या शेजाऱ्याचा कोंबडा..."

"निनोंग."

"हं?"

"खरं सांगा. त्याला सगळं येतं?"

"सगळं."

"बबेटला पण बरं करता आलं असतं?"

त्याने ज्वालामुखीवर फुंकर मारलेली. मीच लिहिलेलं. "आलं असतं," मी म्हणालो.

ती छताकडे बघत राहिली. श्वास घ्यायला मधे मधे थांबत होती. "मग त्याला यायचंच नव्हतं."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. ज्याला येता येतं आणि जो येत नाही, त्याला यायचं नसतं. कोंबडा वगैरे थापा आहेत." तिला राग आलेला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मुलं त्याच्यावर रुसलीत, निनोंग. कालपासून कुणी कॉमिक उघडलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं."

मी चादरीची सुरकुती काढत बसलो.

मग तीच म्हणाली, "एक करता येईल. त्याची शक्ती काढून टाका. सगळी नको. थोडीच. म्हणजे त्याला यायचंय, पण येता येत नाही."

"तूच तर नको म्हणाली होतीस."

"तेव्हा मला वाटायचं तो येईल." ती जरा थांबली. "गुडघा करा. लोला आजीचा गुडघा दुखतो तेव्हा ती प्रार्थनेलासुद्धा जात नाही. पण तिच्यावर कुणी रागावत नाही ना."

पोल्दो तेव्हा खाली औषध आणायला गेला होता. मी त्याला जिन्यातच गाठलं आणि सांगितलं. त्याने माझी कॉलर धरली. वीस वर्षांच्या दोस्तीत पहिल्यांदा.

"त्याला हात लावायचा नाही, पारे."

"अरे, ती म्हणते..."

"पैज लागली असेल तुझी त्या पासिताबाईशी. विकायचं असेल तुम्हाला. अख्ख्या जगात एक माणूस धडधाकट आहे, एक, आणि तू त्याला लंगडा करणार? आणि तेही माझ्या हाताने काढून घेणार?"

"पोल्दो, ती स्वतः म्हणाली."

"ती लहान आहे!"

"वर जा आणि विचार."

तो वर गेला. मी जिन्यातच बसलो. लोक माझ्या बाजूने पेजेचे डबे घेऊन वर-खाली करत होते. बऱ्याच वेळाने मी दारातून डोकावलो. पोल्दो खाटेजवळ खाली बसलेला, आणि निंगनिंग बोटाने त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर दाखवत होती, "इथे नाही बाबा, इथे. वाटीच्या खाली."

पानं मी तिथेच, एका औषधाच्या खोक्यावर लिहिली. वादळात एक फेरीबोट बुडत असते. कपितान ती उचलून किनाऱ्यावर ठेवतो. सगळ्यांचे जीव वाचतात. शेवटी एका म्हातारीची कोंबडी पाण्याकडे पळते, तिला धरायला तो वळतो, आणि गुडघा मुरगळतो. एवढंच. कुठला शाप नाही, कुठला राक्षस नाही. उडताना तो त्याच गुडघ्यावर जोर देऊन उडी मारायचा. आता उडी मारतो आणि खाली बसतो. परत उठतो, परत बसतो. शेवटच्या चित्रात तो रस्त्याच्या कडेला पाय लांब करून बसलेला आहे आणि दूर कुठेतरी बघतो आहे.

पोल्दोने ते एका दुपारी काढून संपवलं. त्याच्या आयुष्यात त्याने तसलं चित्र काढलं नव्हतं. कपितानाचा चेहरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता, कारण त्याच्या चेहऱ्यावर आजवर काही घडलं नव्हतं.

शाई वाळायच्या आत निंगनिंगने पान मागितलं. बराच वेळ बघत होती. मग गुडघ्यावर बोट ठेवलं. बोटाला शाई लागली, पानावर डाग पडला.

"दुखत असेल," ती म्हणाली.

"खूप," मी म्हणालो.

"बिचारा." आणि हसली. बबेट गेल्यापासून पहिल्यांदा. "बघा, त्याला यायचंच होतं."

तिने पान खोलीभर फिरवायला लावलं. पोरं आळीपाळीने गुडघा बघत होती, तोंडाने चकचक करत होती. एक मुलगा म्हणाला, याला गरम पाण्याने शेकायला पाहिजे. दुसरी म्हणाली, तेल लावा. निंगनिंग सगळ्यांना सांगत होती, "येऊ दे त्याला सावकाश. घाई नाही."

दोन दिवसांनी, भर दुपारी, सेली नळावर पाणी भरायला गेली होती तेवढ्यात ती गेली. पोल्दो जवळ होता. त्याला वाटलं, झोपली. तो पुढच्या पानाच्या चौकटी आखत राहिला.

तिला घरी आणलं. गल्लीत ताडपत्री ताणली, भाड्याच्या खुर्च्या मांडल्या, कॉफीचं मोठं भांडं चढवलं. माणूस गेलं की आमच्याकडे घर भरतं. लोक येतात, बिस्किटं खातात, कलिंगडाच्या बिया फोडतात, पत्ते कुटतात, म्हणजे घरच्यांना एकटं वाटत नाही. अशा ठिकाणी मला खास बोलावतात. इगमे असला की मयताच्या घरात हसू असतं. मी गेलो. पत्ते वाटले, दिदांगचा एक्का चोरला, पकडला गेलो, मार खाल्ला. पोल्दो कोपऱ्यात बसून हसायच्या जागी हसत होता. पांढऱ्या फ्रॉकमध्ये ती पेटीच्या काचेखाली होती. त्याच सकाळी नाक्यावर दोरीला नवा अंक लागला होता, गुडघ्याचा. अख्ख्या शहराच्या आधी तिने तो वाचलेला होता.

दुपार कलली तसे लोक उठायला लागले. मयताच्या घरचे पाहुण्यांना पोचवायला जात नाहीत. सेली पेटीजवळच्या खुर्चीत बसूनच प्रत्येकाला म्हणत होती, "जाताना कुठेतरी थांबा हं. पाग्पाग करा. सरळ घरी जाऊ नका."

हे सगळेच म्हणतात. मी हजारदा ऐकलंय. मयताकडून निघालं की आधी कुठेतरी टेकायचं, चार घास खायचे, इकडे-तिकडे करायचं, म्हणजे गेलेलं माणूस पाठोपाठ घरी येत नाही, वाटेत चुकतं. जन्मभर करत आलो. पण सेली ते म्हणत होती, त्याच आवाजात, भाजीत मीठ किती असं सांगावं तसं, आणि मला एकदम ऐकू आलं ती काय सांगत होती ते. आई एकेकाला सांगत होती, माझ्या पोरीला वाटेत चुकवा.

"सेली," मी म्हणालो.

"कुठेतरी थांबा हं, पारे," ती म्हणाली.

बाहेर सगळी मंडळी कोपऱ्यावरच्या पेजेच्या गाडीकडे वळली. आलिंग ओरांगने हाक मारली, "अरे इगमे, चल ना! सरळ घरी जाऊ नको मेल्या, कुणीतरी मागे येईल!"

"पोट बिघडलंय," मी म्हणालो. "तुम्ही व्हा पुढे."

"तुझं पोट? तू तर खिळे पचवतोस!"

मी निघालो. कुठे थांबलो नाही. सिगारेट संपली होती, तरी दुकानात शिरलो नाही. वाटेत ओळखीचे भेटले, त्यांना लांबूनच हात केला. पण भरभरही चाललो नाही. तिला धाप लागते. चढाच्या जागी आणखी सावकाश. वळणावर जरा रेंगाळून, म्हणजे दिसावं मी कुठे वळलो ते.

घरी बायको नव्हती, ती सेलीकडेच राहिली होती. मी फाटक उघडं ठेवलं. दार उघडं ठेवलं. मग पलंगाखाली गेलो. माझं वय झालंय, पोट अडकतं, तरी गेलो. पाय मुद्दाम बाहेर ठेवले.

शेजारच्या रेडिओवर कुणीतरी साबण विकत होतं. एक झुरळ माझ्याकडे बघून निघून गेलं. फाटक वाऱ्याने वाजलं, आणि मी श्वास धरला.

संध्याकाळी बायको आली. दारातूनच म्हणाली, "हे काय, सगळं उघडं टाकून? आणि पाय का..." तिथेच फरशीवर बसली. बराच वेळ तशीच, ती बाहेर, मी आत.

पुढचा भाग मी लिहिला तो असा. कपितान उमागा गुडघा धरत, जीपनी बदलत, एका गल्लीत येतो. ताडपत्रीखाली बसतो. कॉफी पितो. त्याला काही करता येत नाही. कुणी म्हणत नाही, आधी का नाही आलास. सगळ्यांना गुडघा दिसतो. मग तो उठतो, पेजेच्या गाडीवरून पुढे जातो, आणि सरळ घरी जातो. शेवटचं चित्र: उघडं दार. इतकंच लिहून पोल्दोच्या घरी नेऊन दिलं. तो म्हणाला, ठेव तिथे.

अंक आला त्या सकाळी मी बाकाजवळ उभा होतो. दिदांगने शेवटचं पान उघडलंच नाही, पहिल्यापासून वाचलं. शेवटी आल्यावर एकदम ओरडली, "अगं बाई! हा सरळ घरी गेला! कुठे थांबला नाही!"

"विसरला असेल," शेजारची म्हणाली. "गुडघा दुखतोय बिचाऱ्याचा."

"आणि हे काय? पलंगाखाली कुणाचे पाय हे?"

मी पुढे होऊन तिच्या खांद्यावरून पाहिलं. उघडं दार होतं. पोल्दोने दारातून आतला पलंग काढला होता, आणि पलंगाखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मी ते लिहिलं नव्हतं. त्याला मी सांगितलंही नव्हतं. निंगनिंगनेच कधीतरी सांगितलं असणार, नाताळाचं.

आलिंग ओरांग काउंटरमागून आली, चष्मा लावला, चित्र बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "विसरला नाही गं तो," ती म्हणाली. "वाट बघतोय."

मग दिदांग खाली मान घालून म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा मी पेज खाल्ली, बाजार केला, मावशीकडे गेले. जिथे जिथे थांबता येईल तिथे थांबले." तिने कॉमिक दोरीला परत लावलं नाही. कमरेला खोचून घेऊन गेली, आणि आलिंग ओरांगने तिला हटकलं नाही.

महिन्याभराने मादाम पासितांनी बोलावलं. खुशीत होत्या. पाल सापडली तरी ओरडल्या नाहीत.

"लोकांना काळजी वाटायला लागलीय, इगमे. बघ मी म्हणत होते. आता त्याला बरं कर. गुडघा बरा कर, उडव त्याला परत आकाशात, जोरात!"

"नाही, मादाम."

"नाही म्हणजे? डॉक्टर आण, चमत्कार आण, काहीही आण. त्याला तर सगळं येतं ना?"

"गुडघा राहू दे," मी म्हणालो. "बरा झाला तर पोरं परत विचारतील, का आला नाही म्हणून. माझ्याकडच्या थापा संपल्या."